जुन्या गाडीची बॉडी आणि चासी यांच्या मधे काय घालायचं: स्वस्तातलं पॅकिंग, पायरी पायरीने

जुन्या गाड्यांमधे चासी वेगळी आणि बॉडी वेगळी असते. खाली दोन लांब लोखंडी दांडे, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आणि त्यावर अख्खी बॉडी बोल्टने आवळून बसवलेली. या दोघांच्या मधे जे रबर, लाकूड, नवार नाहीतर नमदा (दाबलेल्या लोकरीचा जाड थर) असतो त्याला कुणी बॉडी माउंट म्हणतं, कुणी पॅड, गॅरेजमधे सरळ पॅकिंग म्हणतात, मीही तेच म्हणतो. इतक्या वर्षांत रबर कडक होऊन चिरतं, लाकूड कुजतं आणि नमदा तर पाणी पिऊन पिऊन चासीलाच गंज लावतो. तयार सेट मिळाला तर उत्तमच, पण कमी खपलेल्या मॉडेलचा तो मिळत नाही, आणि मिळाला तरी रबराच्या चार तुकड्यांच्या मानाने महाग वाटतो. स्वतः कापून केलेलं पॅकिंग तितकंच चांगलं चालतं, फक्त नवीन माणूस पहिल्याच पायरीला चुकतो, त्याला वाटतं पॅकिंग म्हणजे गादी, जेवढी मऊ तेवढं बरं. उलट आहे. पॅकिंग कडक हवं, पातळ हवं आणि पाणी न धरणारं हवं, या तीन गोष्टी जमल्या तर माल कुठून आणला याने काही फरक पडत नाही.

हे पॅकिंग नेमकं करतं काय

रस्त्याचे धक्के खायचं काम स्प्रिंगचं आणि टायरचं आहे, पॅकिंगचं नाही. पॅकिंग लोखंडाला लोखंड लागू देत नाही म्हणून करकर-खडखड थांबते आणि इंजिनची बारीक थरथर आत येत नाही. दुसरं काम जास्त महत्त्वाचं आहे. जुनी फ्रेम, म्हणजे चासीच, पिळली जाते, एक चाक खड्ड्यात आणि बाकीची तीन वर असली की दांडे थोडे वळतातच, फोर्ड मॉडेल टी (१९०८ ते १९२७) सारख्या गाडीची फ्रेम तर बरीच लवचिक होती, आणि तो पीळ जसाच्या तसा बॉडीत गेला तर दाराच्या कोपऱ्याला पत्रा तडकतो, लाकडी सांगाडा असेल तर त्याचे सांधे ढिले होतात, काचही जाऊ शकते. पॅकिंग त्यातला थोडा पीळ स्वतः खातं. आणि तिसरं म्हणजे उंची जुळवणं, कारण कुठल्या जागी किती जाड पॅकिंग आहे यावर दारं नीट लागतात की नाही ते ठरतं.

आता मऊ का नको ते. मऊ पॅकिंगवर बॉडी डुलते, बोल्ट प्रत्येक धक्क्याला हलतो, भोकं मोठी होत जातात, आणि मऊ माल दबून बसला की बोल्ट ढिला पडतो, मग तुम्ही तो आवळता, तो अजून दबतो, आणि थोड्या महिन्यांत दार घासायला लागतं.

पायरी १: काहीही सोडायच्या आधी मापं घ्या

दार, बॉनेट, डिकी यांच्या चारी बाजूंच्या फटी मोजा आणि लिहून ठेवा, प्रत्येक फट वर, मधे आणि खाली अशी तीन ठिकाणी. फोटो काढा. मग खाली जाऊन प्रत्येक बोल्टच्या जागेला नंबर द्या, डावीकडचे वेगळे, उजवीकडचे वेगळे, आणि प्रत्येक जागचं जुनं पॅकिंग निघेल तसं त्याच नंबरच्या पिशवीत टाका, कितीही सडलेलं असलं तरी. त्यासोबत पत्र्याच्या पातळ चकत्या निघतील, म्हणजे शिम, त्या किती आहेत तेही लिहा. कारखान्यात किंवा नंतर कुणी कारागिराने तिथे दोन शिम घातल्या असतील तर त्यामागे कारण होतं, आणि ते कारण गाडीत अजून आहे.

जाडी मोजताना सगळ्यात कमी दबलेला तुकडा शोधा, बहुतेक वेळा वायसरच्या बाहेर राहिलेली कड चांगली असते, मूळ जाडीच्या जवळचं माप तिथे मिळतं. बोल्टाखालचा भाग मोजलात तर तो मूळच्या निम्माही असू शकतो, आणि तेच माप धरून नवीन कापलं तर बॉडी खाली बसेल.

पायरी २: माल निवडा

माझी पहिली पसंती जुना कन्व्हेयर बेल्ट. खाणीत, क्रशरवर, साखर कारखान्यात, जिथे माल पट्ट्यावरून वाहतो तिथे बदललेला पट्टा भंगारात जातो, आणि त्यात रबराच्या मधे कापडाचे थर असतात. हे कापडच खरी गंमत आहे, कारण साधं रबर दाबलं की आजूबाजूला पसरतं आणि वर्षानुवर्षं पसरतच राहतं, कापड त्याला धरून ठेवतं. कडक, एकसारख्या जाडीचा, फाटत नाही. फक्त आत लोखंडी तारांचा दोर असलेला पट्टा घेऊ नका, तो कापताही येत नाही आणि त्या तारा गंजतात. कापडाच्या पट्ट्यातही कापलेल्या कडेतून कापड पाणी ओढू शकतं, म्हणून कडेला रबर सोल्युशनचा एक हात मारून वाळवायचा, दोन मिनिटांचं काम आहे.

दुसरा पर्याय ट्रकच्या टायरची बाजूची भिंत. टायर नायलॉनचा हवा, रेडियल नको, कारण ट्रकच्या रेडियलमधे बहुतेक करून स्टीलच्या तारा असतात आणि कापताना त्या हातात घुसतात. नायलॉन टायरची भिंत म्हणजे रबर आणि कापडच, अगदी चांगला माल. कटकट एकच, ती वाकडी असते आणि जाडी सगळीकडे सारखी नसते, त्यामुळे जिथे उंची जुळवायची आहे तिथे प्रत्येक तुकडा कॅलिपरने मोजून जोड्या लावाव्या लागतात. ट्यूबवाल्या ट्रक टायरमधे रिम आणि ट्यूबच्या मधे जो फ्लॅप असतो तोही कामाचा, मधल्या भागात जाड आणि कडेला पातळ, फूटबोर्डखाली, मडगार्डच्या जोडात, जिथे वजन कमी आहे तिथे घाला.

जिममधे किंवा घोड्याच्या पागेत जमिनीवर टाकतात ती जाड काळी रबराची मॅट टायरचा चुरा दाबून केलेली असते, चालते, पण कडेने कण सुटतात, म्हणून तुकडा लहान असेल तर मी घेत नाही. आइस हॉकीची चकती काही लोक वापरतात, तिचा व्यास ७६ मिमी आणि जाडी २५ मिमी, जाड माउंट असलेल्या जीप-ट्रकला ती बसते, पण ती फारच कडक असते आणि विंटेज गाडीच्या नाजूक बॉडीखाली मी ती घालणार नाही.

लाकडाचे ठोकळे जुन्या गाडीत मुळातच होते असं दिसलं तर लाकूडच ठेवा, रबराचा डोंगर रचू नका. सागवानासारखं टिकाऊ आणि घट्ट लाकूड घ्या, रेषा आडव्या येतील असं कापा, सगळ्या बाजूंनी, भोकाच्या आतूनसुद्धा, गरम जवस तेल नाहीतर एपॉक्सी पाजा, आणि वरखाली ३ मिमी रबराची पट्टी द्या. साधं प्लायवूड थर सुटून फुगतं, घ्यायचंच तर मरीन ग्रेड, म्हणजे पाण्यात टिकणारं.

नमदा आणि नवार हे अस्सल जुन्या पद्धतीचं पॅकिंग. १९३१ च्या आधी निओप्रीन (तेलाला टिकणारं कृत्रिम रबर) बाजारातच नव्हतं, तेव्हा ज्यांना गाडी जशीच्या तशी ठेवायची आहे त्यांनी हे वापरण्यात चूक काही नाही, पण कोरडं कधीच लावू नका. वितळलेल्या मेणात बुडवून, निथळवून, थंड करून मग लावायचं (मेण थेट आचेवर नाही, पाण्याच्या भांड्यात भांडं ठेवून वितळवा, नाहीतर पेट घेतं). हे वजन उचलायला नाही, लांब दांड्यावर बॉडी नुसती टेकते तिथली करकर थांबवायला आहे.

काय घ्यायचं नाही ते पटकन सांगतो: फोम, गालिचा, योगा मॅट, थर्माकोल, नुसती सायकल-मोटारसायकलची ट्यूब, चामडं. फोम आणि गालिचा पाणी धरतात, ट्यूब आणि योगा मॅट मऊ, चामडं ओलं झालं की महिनोन्महिने वाळत नाही आणि खालचा पत्रा खातं. प्लॅस्टिकचा भाजी कापायचा जाड पाट मात्र शिमसाठी छान, पाणी पीत नाही, घसरतो म्हणून आवाजही करत नाही, पण त्याची २-३ मिमीची चकतीच वापरा, जाड ठोकळा वजनाखाली हळूहळू बसत जातो.

पायरी ३: माल तपासा

रबराचा कडकपणा शोर ए या मापात सांगतात. टायरचा तळ साधारण ६० ते ७० असतो आणि बॉडी पॅकिंगला तेवढंच हवं, मीटर नसलं तरी चालतं, अंगठ्याचं नख टायरमधे दाबून बघा आणि मग तुमच्या तुकड्यात दाबा, सारखं वाटलं की झालं. खोडरबरसारखं नख आत गेलं तर सोडून द्या.

मग दोन परीक्षा. एक तुकडा इंजिन ऑइलमधे रात्रभर बुडवून ठेवा, सकाळी मोजा. नैसर्गिक रबर आणि टायरचं रबर तेलात फुगतं, ईपीडीएम नावाचं कृत्रिम रबरसुद्धा फुगतं, निओप्रीन आणि नायट्राइल ही कृत्रिम रबरं बरीच टिकतात, म्हणून इंजिन आणि गिअरबॉक्सजवळच्या माउंटला शेवटच्या दोघांपैकी एक आणि मागे डिकीखाली टायरचं रबर असं वाटून घेतलं तर पैसाही वाचतो. दुसरा तुकडा व्हाइसमधे पाव जाडी दाबून रात्रभर ठेवा आणि सोडा. तासाभरात जवळजवळ पूर्ण परत आला तर चांगला, दबलेलाच राहिला तर गाडीतही तसाच राहणार.

सायलेन्सरच्या पाइपाजवळ एखादी जागा येत असेल तर तिथे मधे पत्र्याची आडपट्टी लावा, उष्णतेने रबर पहिल्यांदा कडक होतं आणि मग चिरतं.

पायरी ४: कापणं

धारदार पात्याला साबणाचं पाणी लावून कापा, नुसतं कापायला गेलात तर पातं अडकतं आणि मग हात सटकतो. एका फटक्यात कापायचा हट्ट नको, त्याच रेषेवर चारपाच वेळा पातं ओढा. कापडाच्या पट्ट्याला जिगसॉ बरा. भोकासाठी साधं ड्रिल रबर ओरबाडतं, भोक वेडंवाकडं येतं, त्याऐवजी हव्या त्या मापाच्या लोखंडी नळीचं तोंड कानशीने आतून-बाहेरून घासून धार लावा, खाली लाकडाचा ओंडका ठेवा आणि हातोड्याने ठोका, गोल स्वच्छ भोक पडतं. ड्रिलच करायचं असेल तर तुकडा आधी फ्रीझरमधे चांगला गारठवून घ्या.

तुकडा फ्रेमच्या ब्रॅकेटपेक्षा, म्हणजे ज्या लोखंडी आधारावर बॉडी बोल्टने बसते त्यापेक्षा, दोनतीन मिमी आत राहील असा कापा. बाहेर आलेल्या कडेवर चिखल साठतो आणि गंज तिथूनच सुरू होतो. आणि दांड्याच्या पूर्ण लांबीवर सलग पट्टी टाकायची असेल तर जागोजागी बोटभर जागा सोडा, पाणी निघून जायला.

पायरी ५: बोल्टाची रचना, इथे सगळं ठरतं

एक हिशेब करून बघा. बॉडी समजा ४०० किलो आणि माउंट ८, म्हणजे एका जागी ५० किलो. पॅकिंग ५ सेंमी बाय ५ सेंमी धरलं तर २५ चौरस सेंमीवर ५० किलो, एका चौरस सेंमीला फक्त २ किलो, हे रबराला काहीच नाही. पण १० मिमीचा बोल्ट पान्याने पूर्ण आवळला तर तो सहज एक टनाच्या वर ताण देतो. म्हणजे पॅकिंगला मारतो तो बॉडीचा भार नाही, तुमचा पाना मारतो.

म्हणून बोल्टावर लोखंडी नळीचा तुकडा घालायचा, बुश म्हणा. रचना अशी: वर बॉडी, तिच्याखाली वरचं पॅकिंग, मग फ्रेमचं ब्रॅकेट, ब्रॅकेटच्या खाली दुसरं पातळ पॅकिंग, मग मोठा जाड वायसर आणि नट. खालचं पॅकिंग बरेच जण विसरतात, आणि मग वर कितीही चांगलं रबर असलं तरी नट आणि वायसर थेट फ्रेमला चिकटून आवाज बोल्टातून वर जातोच. समजा वरचं पॅकिंग १२ मिमी, ब्रॅकेट ४ मिमी, खालचं ८ मिमी, बेरीज २४, तर बुश २१ ते २२ मिमीचा कापा. आवळल्यावर वायसर बुशला टेकतो आणि तिथे थांबतो, रबर साधारण दहा-पंधरा टक्के दबलेलं राहतं, त्यापेक्षा जास्त दबूच शकत नाही. शिम वाढवली की बुशही तेवढाच लांब करायचा, हे लक्षात ठेवा. बुश ब्रॅकेटच्या भोकातून मोकळा जायला हवा, त्याला घासता कामा नये. भोक फक्त बोल्टापुरतंच असेल तर ते मोठं करायला फ्रेमला ड्रिल लावू नका, बुशशिवाय बसवा, रबर कडेला जरासं फुगलेलं दिसेपर्यंतच आवळा आणि नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असलेला, सहज ढिला न होणारा) किंवा खाचेचा नट आणि कॉटर पिन लावून तिथेच अडकवून ठेवा.

बोल्ट ८.८ ग्रेडचे, म्हणजे जास्त ताकदीचे घ्या, इथे पैसे वाचवू नका. सीट बेल्ट बॉडीला लावलेले असतील तर अपघातात तुम्हाला धरून ठेवणारी शेवटची गोष्ट हेच बोल्ट आहेत.

पायरी ६: बॉडी उचलणं

बॅटरी सोडा, चाकांना उटी लावा. आदल्या दिवशी सगळ्या बोल्टांना गंज सोडवायचं तेल मारून ठेवा. उघडी गाडी असेल, म्हणजे टप नसलेली, तर दाराच्या चौकटीत आडवी लोखंडी पट्टी बोल्ट करून घ्या, छत नसल्यामुळे अशी बॉडी उचलताना मधे वाकते.

पूर्ण बॉडी काढायची गरज नाही. एका बाजूचे सगळे बोल्ट काढा, दुसऱ्या बाजूचे थोडे आटे ढिले करा, बॉडीच्या तळाखाली लांब जाड फळी लावून जॅकने हळू उचला, २०-२५ मिमी पुरे. उचलताना एक माणूस फक्त बघायला ठेवा: स्टेअरिंगचा खांब, पेट्रोल भरायची नळी, वायरिंग, हँडब्रेकची केबल, रेडिएटरचे आधार, यातलं काहीही ताणलं की थांबायचं. फटीत लगेच लाकडाचे ठोकळे सरकवा आणि बोटं कधीच आत घालू नका, पॅकिंग पट्टीने ढकला. जागा उघडी आहे तोवर फ्रेमचा गंज घासून प्रायमर आणि रंग मारा, आणि तो पूर्ण वाळू द्या.

पॅकिंग चिकटवायचं तर फक्त एका बाजूला, फ्रेमच्या. वरच्या बाजूला टाल्कम पावडर किंवा सिलिकॉन ग्रीस, साधं ग्रीस नको, ते रबर फुगवतं. बॉडीचा रंग फिका असेल तर काळं रबर डाग पाडतं, मधे पातळ प्लॅस्टिकचा कागद ठेवा.

पायरी ७: दारं जुळवणं

सगळे बोल्ट हाताने लावा, पाना नाही. गाडी सपाट जागी चाकांवर उभी करा, जॅकवर असताना जुळवलेली दारं जमिनीवर बिघडतात. आता तुम्ही लिहिलेल्या फटी बघा. दाराच्या चौकटीचे दोन खांब वरच्या बाजूला एकमेकांकडे झुकलेत, म्हणजे फट वर अरुंद आणि खाली रुंद, तर बॉडी मधे खचलीय, दाराखालच्या माउंटला शिम वाढवा. खांब वरून फाकलेत, फट वर रुंद, तर मधला भाग उंच राहिलाय, तिथली शिम कमी करा नाहीतर पुढच्या-मागच्या टोकांना वाढवा. एका वेळी एकच शिम, १ ते १.५ मिमीची, आणि प्रत्येक बदलानंतर बोल्ट थोडे आवळून दार लावून बघा. याला वेळ लागतो, लागू द्या. मूळ उंचीपेक्षा बॉडी फार वर जात असेल तर स्टेअरिंगचा खांब आणि पेडलची भोकं जागेवर येणार नाहीत, मग जाडीच चुकलीय.

आवळताना मधून सुरुवात करून टोकांकडे जा, डावं-उजवं आलटून पालटून, दोनतीन फेऱ्यांत.

पायरी ८: अर्थिंगची वायर

रबराने बॉडी फ्रेमपासून विजेच्या दृष्टीनेही तुटते. आधी गंजलेले बोल्ट कसेबसे अर्थ, म्हणजे करंटला बॅटरीकडे परत जायची वाट, देत होते, आता तेही नाही, आणि मग दिवे मंद होतात, काटे वेडेवाकडे हलतात, कधी सगळा करंट ॲक्सिलरेटरच्या केबलमधून वाट काढतो आणि ती गरम होते. बॉडीपासून फ्रेमपर्यंत आणि इंजिनपासून फ्रेमपर्यंत अशा दोन जाड विणलेल्या अर्थ पट्ट्या लावा, दोन्ही टोकांचा रंग खरवडून, आवळून झाल्यावर वरून ग्रीस.

नंतर

पहिले दोनतीनशे किलोमीटर झाले की पुन्हा खाली जा. बुश लावलेल्या बोल्टांना फक्त पाना लावून बघायचं, बिनबुशाच्या जागी रबर थोडं बसलेलं असेल तर पाव फेरी आवळा, आणि फटी परत मोजा. वर्षातून एकदा पावसाळ्यानंतर पाण्याच्या फवाऱ्याने फ्रेमच्या वरच्या कडेचा चिखल काढा, पॅकिंगच्या भोवती बोट फिरवून ओल राहतेय का बघा, आणि एखाद्या जागी राहतच असेल तर तो एक तुकडा काढून कड अजून थोडी आत कापून परत बसवा.